उंबरसांगवी-देऊळवेढे करार आणि कोळपे सर

कोळपे सरांना मोटारसायकलवर मागे बसवून नेण्याचं काम मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही. माणूस मागच्या सीटवर बसून हातवारे करायचा. बोलता बोलता एकदम डावीकडे झुकायचा, कारण डावीकडच्या बांधावर दोन भाऊ भांडत असायचे आणि सरांना ते ऐकायचं असायचं. "थांबवा, थांबवा! ओ भूगोल, गाडी बाजूला घ्या!" मी भूगोल शिकवायचो म्हणून भूगोल. एकाच कॉलेजात आम्ही एकवीस वर्षं नोकरी केली, पण त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही.

मी देऊळवेढ्याचा, म्हणजे भीमेच्या दौंड तालुक्याकडच्या काठावरचा. सर समोरच्या उंबरसांगवीचे, तालुका शिरूर. मध्ये नदी, नदीवर बंधारा, आणि बंधाऱ्यावरून एक दुचाकी जाईल एवढी सिमेंटची वाट. रोज सकाळी मी त्या वाटेनं पलीकडे जायचो, सरांना उचलायचो आणि मांडवगण फराट्यावरून शिरूर गाठायचो. सर राज्यशास्त्र शिकवायचे. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत, आणि पायाला भिंगरी लागलेली. तासाला पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सरांच्या किती फेऱ्या होतात, हे पोरांना तोंडपाठ होतं. बाकीचा विषयही तितकाच पाठ असता तर निकाल बरा लागला असता, असं मी त्यांना चिडवायचो.

"कुणी ठरवलं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. हॉटेलवाला म्हणाला, "भजी आता चारनंतर," की सर विचारणार, "चार कुणी ठरवलं?" प्राचार्यांची नोटीस आली की मजकूर वाचायच्या आधी खालची सही बघणार. लोकांना वाटायचं, सर भांडण उकरून काढतायत. तसं नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं आणि उत्तर पटलं की ते मुकाट्यानं मान्य करायचे. हॉटेलवाल्यानं एकदा सांगितलं, "सर, तेल चारला येतं." सर म्हणाले, "मग बरोबर हाय," आणि पावणेदोन तास भज्यांसाठी स्टँडवर येरझाऱ्या घातल्या. मी सोबत होतो, म्हणून माझेही पावणेदोन तास गेले.

पेपर वाचताना तर त्यांच्याकडे बघवत नसे. कुठल्याशा देशानं कुठल्याशा करारातून अंग काढून घेतलं, किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल धुडकावला, की सर पेपरची घडी घालायचे, उलगडायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. "ह्यो सही करतो, घरी जातो आन् म्हणतो, सही केली तवाचा मी येगळा हुतो. असं चालतं व्हय, भूगोल?" जणू त्या देशाच्या पंतप्रधानानं सरांच्या ओट्यावर बसून शब्द दिला होता. मी म्हणायचो, "सर, तुमच्या रक्तदाबाची गोळी घेतली का?" त्यावर ते मला गोळी कुणी ठरवली ते विचारायचे.

त्यांची पीएच.डी.ही यातच राहिली. विषय होता राज्याचं सार्वभौमत्व आणि देशादेशांमधलं सहकार्य. शेवटचं प्रकरण लिहून होत आलं की जगात कुठंतरी काहीतरी व्हायचं, आणि सर ते प्रकरण फाडून नव्यानं लिहायला घ्यायचे. दोन मार्गदर्शक निवृत्त झाले. तिसऱ्यानं हात जोडले.

सर मूळचे मेंढपाळाच्या घरातले. बंधाऱ्याच्या खाली, चालत अर्ध्या तासावर, नदीकाठी कोळपेवस्ती आहे, तिथला त्यांचा जन्म. शाळेसाठी गावात आले ते गावातच राहिले, दोन खोल्या बांधल्या, पण डोक्यातली मेंढरं काही गेली नाहीत. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नाहीत, मग देश तो पाळतात कशाला?" त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते जवळजवळ धावतच. मला हाताला धरून उभं केलं आणि वर्गात दिलेलं उत्तर पुन्हा सगळं मला दिलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, कळप दोन-तीन रात्री रानात बसतो, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. "आता बघा," सर सांगत होते, "रान शेतकऱ्याचं, मेंढरं मेंढक्याची. तीन दिवस दोघांचा कायदा एकाच रानात. कुंपण न्हाई, पोलीस न्हाई. तरी शेजारच्या उभ्या पिकात मेंढरू जात न्हाई. का? पुढल्या साली त्याच वाटेनं यायचं असतंय! आन् कळप बोलावला म्हणून शेतकऱ्याची मालकी कमी झाली का? उलट, बोलवायचं का न्हाई हे तोच ठरवतो. सही केल्यानं देश लहान होत न्हाई, भूगोल. सही करता येती, म्हंजीच तो देश!"

प्राचार्यांनी त्यांना नंतर विचारलं की मेंढ्या अभ्यासक्रमात कुठं आहेत. सरांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको.

त्यांचा मुलगा सणसवाडीला एका कंपनीत होता. भाड्याच्या नऊ खोल्यांची रांग, त्यातल्या एकीत राहायचा. नऊ खोल्यांना मिळून एक बाथरूम. एका रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो तर बाथरूमच्या दाराशी बादल्यांची आपटाआपट चाललेली. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, दोघं लातूरकडचे. खोलीमालक कमरेवर हात ठेवून ओरडत होता, "रूम माझी, बाथरूम माझं! उद्यापास्नं कुलूप लावतो, मंग करा काय करायचं ते."

झालं. सरांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"मालक, बाथरूम तुमचं, कोण नाही म्हणतंय?" ते म्हणाले. "पण खोल्या भाड्यानं दिल्या तवाच तुमी ह्यांची अंघोळ कबूल केली. आता कुलूप एकट्यानं लावता यायचं न्हाई." मग वळून आपल्या अगम्य हिंदीत, "देखो भाई, पहिला शिफ्टवाला पहिला जायेगा. रातवाला तो आके सोनेवाला है, उसको क्या घाई है?"

ओडिशाचा एक जण शांतपणे म्हणाला, "और जिसका शिफ्ट हर हफ्ते बदलता है, उसका क्या?"

"ये अच्छा सवाल है!" सरांचा चेहरा उजळला. त्या अच्छ्या सवालात आमचे तीन तास गेले. मी उपड्या बादलीवर बसून होतो. सरांचा मुलगा लाजेनं खोलीत दार लावून बसला होता. शेवटी भिंतीवर खडूनं तक्ता निघाला, खाली नऊ खोल्यांच्या सह्या, आणि सगळ्यात शेवटी मालकाची. तो तक्ता पुढे कित्येक महिने चालला, खडू पुसट झाला की भाडेकरूच गिरवायचे. मुलगा मात्र आम्ही निघताना बापाला म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी फोन करून या."

परतताना सर गाडीवर मागे नुसते उसळत होते. "भूगोल, नऊ खोल्या जमल्या. दोन गावं जमणार न्हाईत व्हय?"

दोन गावं म्हणजे त्यांचं आणि माझं. भांडण होतं बंधाऱ्याचं. बंधाऱ्याच्या खांबांमध्ये खाचा असतात, त्यांत पावसाळा सरल्यावर लोखंडी ढापे एकावर एक बसवायचे, की पाणी अडतं. पाणी पूर्ण चढलं की आमच्या देऊळवेढ्याच्या खोलगट रानांना पाझर लागून ऊस पिवळा पडायचा. पाणी उतरलं की उंबरसांगवीच्या मोटारींचे पाईप उघडे पडायचे. मग आमची माणसं चोरून वरचा ढापा उपसायची आणि त्यांची माणसं तो परत बसवायची. डोकी फुटली होती, सोयरिकी मोडल्या होत्या. तहसील, पाटबंधारे, पोलीस, सगळं करून झालं होतं.

सर एक अख्खा हिवाळा दोन्ही गावांत फिरले. आमच्या सरपंचांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांच्याकडे जेवले. उंबरसांगवीचे सरपंच आबा, त्यांच्याकडे शिव्या खाल्ल्या. शेवटी उंबरसांगवीच्या देवळात दोन्ही गावं बसली आणि सात कलमांचा करार झाला. सरांनी स्वतःच्या हातानं लिहिला. बंधाऱ्याच्या खांबावर तांबड्या रंगाची एक रेघ, पाणी तिच्या वर नाही, खाली नाही. ढापा उचलायची साखळीची कप्पी देवळामागच्या खोलीत कुलपात. आणि दोन्ही सरपंचांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय ते कुलूप उघडायचं नाही. चौथं कलम सरांच्या विशेष आवडीचं होतं: एका गावाच्या आतल्या कारभारात दुसऱ्या गावानं बोलायचं नाही. "ह्याच्यावाचून कुठलाच करार उभा ऱ्हात न्हाई," ते म्हणाले होते.

किल्ली कुणाकडे, यावर मात्र सगळं मोडायची वेळ आली. आप्पा आबांवर विश्वास ठेवेनात, आबा आप्पांवर. बऱ्याच वेळानं आप्पाच म्हणाले, "सरांकडं ठिवा. त्यो माणूस आपल्याच गावाला तोंडावर झापतो, आमाला काय सोडणार हाय?" दोन्ही गावांनी मान डोलावली. मी साक्षीदार म्हणून सही केली. एवढी मोठी माणसं एका किडकिडीत मास्तरच्या हातात किल्ली देतात, हे बघून मला खरंच भरून आलं होतं.

पहिलं वर्ष सुरेख गेलं. केंदूरहून दोघं-तिघं करार बघायला आले, त्याची झेरॉक्स घेऊन गेले. सर फुशारले नाहीत असं मी म्हणणार नाही. वर्गात ते आता "उंबरसांगवी-देऊळवेढे करार" असा उल्लेख करायचे, आणि पोरं ते वहीत लिहून घ्यायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात, एका दुपारी, बनाक्का कॉलेजात आली. बनाक्का ही सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना वाढवलेलं. ती अजून कोळपेवस्तीवर राहते. सोळा-सतरा घरं, थोडी थोडी शेती आणि घरटी दहा-वीस मेंढरं. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, मी दिलेलं तांब्याभर पाणी तिनं एका दमात संपवलं आणि सरांना म्हणाली, "भिवा, डोह आटला."

"कुठला डोह?"

"आपला, वस्तीखालचा. मेंढरं चिखल चाटत्यात. हिरीचं पाणी बी त्येच्यावरच, ती बी खडखडली."

"आक्का, बंधारा तर भरलेला हाय."

"व्हय. तूच भरलास न्हवं."

सर उठून खिडकीशी गेले. तीच पुढं बोलत राहिली. देऊळवेढ्याची माणसं चोरून ढापा उपसायची तेव्हा ते पाणी खाली वाहत वस्तीच्या डोहात यायचं. साऱ्या वस्तीचा उन्हाळा त्या चोरीवर निघायचा. सरांनी चोरी बंद केली आणि डोह बंद झाला. पहिला उन्हाळा उरल्यासुरल्या पाण्यावर निघाला, दुसरा निघेना. तीन घरं मेंढरं विकायला निघाली होती.

"दोन गावं देवळात बसली, तवा आमाला का न्हाई बलावलंस?"

"आक्का, वस्तीला ग्रामपंचायत न्हाई. वस्ती उंबरसांगवीत मोडती. गावानं सही केली म्हंजी वस्तीनं बी..."

"गावातलं कोन आलतं वस्तीवर इचारायला?"

कुणीच गेलं नव्हतं. सर स्वतःही गेले नव्हते. आणि मी भूगोलाचा माणूस, पाणी खाली वाहतं हे शिकवून पगार घेणारा, मी साक्षीदार म्हणून सही ठोकून पेढा खाल्ला होता. मला त्या दिवशी बनाक्काकडे मान वर करून बघवेना.

पुढचे अकरा दिवस सरांनी मला आणि माझ्या गाडीला जिवंत ठेवलं नाही. आठवड्यातून दोन तास एक ढापा उचलला तरी डोह भरला असता. तेवढी दोन सह्यांची चिठ्ठी हवी होती. आबा म्हणाले, "वस्ती आमच्या गावची. तिचं काय ते आमचं आमी बघू. त्यात देऊळवेढ्याची सही कशाला? कलम चार तुमीच लिव्हलंय न्हवं, सर?" आप्पा म्हणाले, "वस्ती त्यांच्या हद्दीत. त्यांनी आमच्याकडं मागणी करावी, मंग बघू." मागणी करायची म्हणजे उपकार घ्यायचे, म्हणून आबा मागणी करेनात. सर या काठावरून त्या काठावर, दिवसातून चार चार खेपा. गाडीची क्लचप्लेट गेली. सरांचं जेवण सुटलं. शिकवताना ते वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघायला लागले.

"माझ्याच वाक्यांनी मला बडवत्यात, भूगोल," ते एकदा बंधाऱ्यावर गाडी थांबवायला लावून म्हणाले. "देश देशाला भेटतो, सही करतो, हात मिळवतो. त्याच्या पोटातल्या माणसांना कोण भेटतंय? तीस वर्षं मी हे शिकवलं आन् माझ्या सख्ख्या बहिणीचं घर मला दिसलं न्हाई."

मी म्हटलं, "सर, किल्ली तुमच्या खिशात आहे. पहाटे जाऊन सोडा पाणी. कुणाला कळतंय?"

ते इतके भडकले की मी दोन पावलं मागं सरलो. "चोरून? मग परत तेच की! आज मी, उद्या आबा, परवा आप्पा. ही किल्ली एकदा चोरून फिरली तर ह्या दोन गावांत परत कुणी कुणाच्या हातात किल्ली देणार न्हाई. माझ्या मेल्यावर बी न्हाई." आणि लगेच, आवाज खाली आणून, "आन् न्हाई फिरवली तर आक्काची वस्ती उठंल." त्यांनी किल्ली खिशातून काढली, बघितली आणि परत खिशात टाकली.

बाराव्या दिवशी त्यांनी दोन पत्रं लिहिली, एक आबांना, एक आप्पांना. मी वाचली आहेत. "येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी एक ढापा दोन तास उचलणार आहे. यास दोन्ही गावांची संमती नाही. हा कराराचा भंग आहे आणि मी तो भंग म्हणूनच करीत आहे. त्यानंतर किल्ली परत करीन. जी शिक्षा ठरेल ती मला मान्य आहे." दोघांकडून पोच घेतली.

रविवारी दोन्ही काठ माणसांनी भरले. सर कप्पी खांद्यावर घेऊन आले. मी पुढे झालो तर म्हणाले, "तुमी साक्षीदार. हात लावायचा न्हाई." त्यांना अडवायचं कुणाला सुचलं नाही. चोर कसा पकडायचा हे दोन्ही गावांना माहीत होतं, पण दिवसाढवळ्या पोच घेऊन करार मोडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नव्हतं. ढापा वर आला, पाणी खाली कोसळलं. सर हातातल्या घड्याळाकडे बघत बंधाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिले.

उंबरसांगवीच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "बहिणीसाठी गाव इकलं!"

सर थांबले. त्या दिशेनं बघून म्हणाले, "खरं हाय. माझी बहीण नसती तर मी आलो असतो का, हे मला बी म्हाईत न्हाई."

एक वाजता त्यांनी ढापा बसवला. किल्ली पुढे केली. आबांनी हात पुढे केला तसा आप्पांनीही केला. दोघं एकमेकांकडे बघत तसेच राहिले. सरांनी किल्ली बंधाऱ्याच्या कठड्यावर ठेवली आणि ते घरी गेले.

त्या बेवारस किल्लीनंच पुढचं घडवलं. करार पुरता मोडला तर पुन्हा डोकी फुटणार, हे दोन्ही गावांना कळत होतं. दोन दिवसांनी पुन्हा देवळात बैठक बसली. सरांना बोलावलं नाही. आप्पा म्हणाले, "वस्तीची सही न्हाई तवर कोण ना कोण ढापा उचलतच ऱ्हाणार. बलवा तिकडचं कोण हाय त्येला." आबा बराच वेळ कुरकुरले, पण वस्तीनं बनाक्काला पाठवलं आणि ती येऊन सतरंजीवर पुढं बसली. आठवड्याला दोन तास पाणी ठरलं. किल्ली तिघांच्या संमतीनं. मग आबांनी शेवटचं कलम घातलं: कोळपे सरांनी ह्यापुढे बंधाऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. ढापा नाही, कप्पी नाही, येण्याजाण्याची वाटही नाही.

सगळ्यांचे डोळे बनाक्काकडे वळले. कलम तिला दोनदा वाचून दाखवलं.

"कायमचं?" तिनं विचारलं.

"कायमचं," आबा म्हणाले.

तिनं कागद हातात घेतला, उगाच उलटा करून बघितला. मग ती म्हणाली, "पयलं पानी कवा?"

"येत्या रविवारी."

तिनं सही केली. एक एक अक्षर थांबून. सर चौथीत असताना त्यांनी तिला नाव लिहायला शिकवलं होतं, तेवढंच तिला लिहिता येतं.

मला तिचा राग आला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा येतो. मी तडक सरांच्या घरी गेलो. ते अंगणात फिरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"वाचून दाखवलं का तिला?"

"दोनदा."

"कुणी दमदाटी केली?"

"नाही."

"मग झालं," सर म्हणाले आणि आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. बंधारा बंद म्हणजे माझ्या गावाला यायला त्यांना मोठ्या पुलावरून वळसा घालून सोळा किलोमीटर जास्त पडणार होते. बंधाऱ्यावर पहारा नव्हता. कुणी त्यांना अडवलं नसतं.

वर्षभरात सर निवृत्त झाले. आता ते सणसवाडीला मुलाकडे असतात, पेपर वाचून मला फोन करतात, आणि मी जेवायला बसलो असेन तर जेवण गार होतं. पण सर म्हटलं की मला तो पहिल्या पाण्याचा रविवारच दिसतो.

बंधाऱ्यावर तिन्हीकडची माणसं होती. कप्पीच्या साखळीला आबांचा एक, आप्पांचा एक आणि बनाक्काचा एक असे तीन हात होते. मी मधे उभा होतो. ढापा उचलला, पाणी सुटलं, वस्तीची माणसं काठानं ओरडली. सर उंबरसांगवीच्या बाजूला उभे होते, जिथं माती संपते आणि सिमेंट सुरू होतं त्याच्या अलीकडे, चपलांची टोकं मातीत.

बनाक्का बंधाऱ्यावरून उतरून त्यांच्यासमोर गेली. मीही मागोमाग गेलो.

"भिवा, चल की वर. बघ तरी पानी."

"हितनं दिसतंय."

"हितनं काय दिसतंय? चल, मी सांगते आबास्नी."

आबा मागून आलेच होते. पाणी बघून त्यांचाही राग ओसरला होता. "या सर, या. रागाच्या भरात लिव्हलं गेलं त्ये. कोन काय म्हनत न्हाई."

सरांनी आबांकडे बघितलं नाही. "आबांची सही गावाची हाय, आक्का. ती मोडली तरी गाव ऱ्हातंय. आप्पांचं बी तसंच. तुझी ही पयलीच सही. ती मीच मोडली, तर पुढल्या बैठकीला तुला कोण बलावंल?"

बनाक्कानं ओला हात पदराला पुसला, सरांच्या गालावर एकदा ठेवला, आणि ती पाण्याच्या मागोमाग काठाकाठानं वस्तीकडे निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत सर बघत राहिले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी व्हा पुढं तुमच्या घरी. चहा टाकायला सांगा. मी पुलावरनं येतो."